शमालच्या व्हॅनमधली पुढची सीट

आमची व्हॅन घड्याळावर चालत नाही, डोक्यांवर चालते. सात डोकी जमली की सुटते. कतारमध्ये, अल नस्र भागातल्या एका कॅफेटेरियाच्या मागे ती सकाळी सकाळी येऊन उभी राहते आणि आधी आलेली डोकी सातव्या डोक्याची वाट बघत घाम गाळत बसतात, कारण गाडी भरल्याशिवाय एसी लावायचा नाही हाही तिथला नियम. मी त्या गल्लीतून जाणाऱ्या अनोळखी माणसांकडे लग्नाच्या मुलीच्या बापासारखं बघितलेलं आहे. हा शमालला, पार उत्तरेच्या टोकाला, जाईल का? ह्याच्या हातात पिशवी आहे, जाईलसं वाटतंय. नाही, गेला. कोथिंबीर घेऊन घरी गेला.

ड्रायव्हर केरळचा, पन्नाशीचा. सगळे त्याला चेट्टा म्हणतात, म्हणजे त्यांच्या भाषेत मोठा भाऊ. त्याने गाडीचा एकच कायदा केलेला आणि प्रत्येक नव्या माणसाला तो सांगायचा: "आगे वाला डोर तक. पीछे वाला रोड तक." म्हणजे पुढच्या एकट्या सीटवर जो बसेल त्याला दारापर्यंत पोचवणार. मागच्यांना वाटेत जिथं उतरायचं तिथं हायवेच्या फाट्यावर सोडणार, पुढं ज्याचं त्याने बघावं. भाडं सगळ्यांना तेवढंच. त्यामुळे ती पुढची सीट म्हणजे आमच्यासारख्यांची आमदारकी. ती मिळवायला लवकर यावं लागतं, बाकी काही लागत नाही.

त्या शनिवारी मी सहाला पोचलो आणि पुढच्या सीटवर बसलो. पायाशी हत्यारांची पिशवी, पिशवीत गेज, पाना, टेस्टर, आणि कागदांची प्लास्टिकची फाईल. फाईल मी खोलीवरून निघाल्यापासून चार वेळा उघडून बघितली होती. पासपोर्ट होता. पाचव्यांदा बघितला, तेव्हाही होता.

नऊ वाजता शमालमध्ये माझी टेस्ट होती. तिथल्या एका वसाहतीच्या देखभालीला एसी मेकॅनिक पाहिजे होते. आमच्या कंपनीचं वेस्ट बेमधल्या टॉवरचं काम संपलं होतं, आणि कंपनीने आम्हाला केक कापून सांगितलं होतं की तुम्ही फार उत्तम काम केलंत, आता महिनाअखेर घरी जा. इतक्या गोड शब्दांत हाकललेलं मी कधी बघितलं नव्हतं. मी थँक्यूसुद्धा म्हणालो. मी सगळ्यांना थँक्यू म्हणतो. मॉलमधलं दार आपोआप उघडलं तरी म्हणतो. आठवीतून शाळा सोडलेल्या माणसाला कुणी दार उघडलं, याचंच आधी अप्रूप वाटतं.

आणि त्या वर्षी माझी मुलगी आठवीत गेली होती. मी जिथं थांबलो तिथं ती येऊन पोचली होती. ती पुढं जाणार की तिच्यासाठी घरात स्थळांची चर्चा सुरू होणार, हे सगळं त्या शनिवारच्या नऊ वाजण्याला बांधलेलं होतं. बायको फोनवर एवढंच म्हणाली होती, "वेळेत जावा. बाकी सगळं तुम्हाला येतंय."

सात वाजेपर्यंत सहा डोकी झाली. मागे दोन नेपाळी, एक बांगलादेशी गवंडी, दोन बिहारचे वेल्डर, पुढे मी. "चेट्टा, कितने बजे पहुँचेगा?" मी विचारलं.

"फुल होगा तो जाएगा. जाएगा तो पहुँचेगा."

"नौ बजे टेस्ट है मेरा."

"आगे बैठा है ना? टेन्शन क्यों लेता है? डोर तक."

तेवढ्यात सातवं डोकं आलं, आणि ते साहेबांचं निघालं.

साहेब मूळचे पुण्याचे, इथं तेलाच्या कामात मोठ्या हुद्द्यावरचे इंजिनिअर. आमच्या इकडच्या गणपतीला हॉलमध्ये पंखे आणि कूलर लावायला तोवर दोन वर्षं मीच गेलो होतो. दोन्ही वर्षी साहेबांनी माझ्या हातात प्रसाद ठेवून विचारलं, "नवीन का रे तू?" पहिल्या वर्षी मी नवीन होतो, म्हणून हो म्हणालो. दुसऱ्या वर्षी त्यांना वाईट वाटू नये म्हणून हो म्हणालो.

त्यांची गाडी सर्व्हिसिंगला गेली होती आणि वाटेतल्या अल खोरला एका मित्राच्या घरी त्यांच्या ग्रुपची मिसळपार्टी होती. हे त्यांनी फोनवर कुणाला तरी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगितलं. "नो, नो, टॅक्सी नाही. अरे, शेअर व्हॅन! कॉमन लोकांबरोबर. इट्स अ‍ॅन एक्स्पीरियन्स!" त्यांच्या हातात फरसाणाची मोठी पिशवी होती.

त्यांनी व्हॅनमध्ये डोकावून बघितलं. मागे एकच जागा उरली होती, दोन वेल्डरांच्या मधे.

आता पुढे जे झालं ते मला कुणी करायला सांगितलं नव्हतं. साहेबांनी मागितलं नाही. चेट्टाने सांगितलं नाही. माझं मी उठलो. आमच्या गावात खुर्ची बसायला नसते, उठायला असते. गुरुजी आले, उठ. तलाठी आले, उठ. बँकेतला शिपाई आला, तो नुसता पाणी प्यायला आला असला तरी उठ. हे असं अंगात मुरतं की डोक्याला कळायच्या आत गुडघे सरळ होतात. मी पिशवी उचलली आणि म्हणालो, "सायेब, हितं बसा."

"अरे, मराठी! कुठला तू? नवीन का?"

"हो," मी म्हणालो. तिसऱ्यांदा.

चेट्टा माझ्याकडे बघत राहिला. आपल्या नवऱ्याने घर शेजाऱ्याच्या नावावर करून दिलं तर बाई कशी बघेल, तसा.

"तेरा टेस्ट?"

"चलेगा, चलेगा," मी म्हणालो, आणि दोन वेल्डरांच्या मधे जाऊन बसलो.

सव्वासातला गाडी हलली. साहेब वाटभर बोलत होते. मागे वळून नाही, समोरच्या काचेकडे बघून. इथल्या कामगारांना प्लॅनिंग येत नाही. वेळेची किंमत नाही. मराठी माणूस मागे का राहतो, तर तो पुढे बसत नाही. हे वाक्य त्यांनी माझ्या सीटवर बसून म्हटलं. मी मागून "बराबर हाय सायेब" म्हणालो. एका वेल्डरने मला कोपराने ढोसून विचारलं, "का बोल रहे हैं?" मी सांगितलं, "ज्ञान की बात है."

आठ वाजता अल खोरचा फाटा आला. साहेब मागे बसले असते तर इथं, हायवेच्या कडेला, फरसाणासह उभे राहिले असते आणि मित्राने येऊन नेलं असतं. पण साहेब पुढे होते. पुढच्याला दारापर्यंत. चेट्टाने गाडी आत वळवली.

दार कुठलं हे मात्र साहेबांना ठाऊक नव्हतं. फोनवर नकाशा होता. नकाशातली बाई त्यांना एका कंपाउंडच्या भिंतीसमोर घेऊन गेली आणि तुम्ही पोचलात म्हणाली. भिंत होती, दार नव्हतं. पलीकडून गेलो तर दार होतं, पण ते दुसऱ्याच कंपाउंडचं. सगळी कंपाउंडं एका रंगाची, सगळ्या गेटांवर तीच कमान. मित्र फोन उचलत नव्हता. बहुतेक कांदा चिरत असावा.

"लेफ्ट घे," साहेब म्हणाले. "नाही, नाही, राइट. आय अ‍ॅम शुअर, इथे खजुराचं झाड होतं."

कतारमध्ये खजुराचं झाड ही खूण सांगणारा माणूस इंजिनिअर आहे, हे मला तेव्हा पहिल्यांदा खटकलं.

सव्वाआठ झाले. इथून शमाल चाळीस मिनिटं. आठ वीस. त्याच भिंतीसमोर दुसऱ्यांदा. मी फाईल उघडून पासपोर्ट बघितला. आठ पंचवीस. बांगलादेशी गवंडी झोपला, नेपाळी आपसात हसायला लागले. चेट्टाने आरशातून माझ्याकडे बघितलं आणि भुवई उडवली. म्हणजे, बोल. सीट तुझी होती, बोल.

मला बोलता येत नव्हतं असं नाही. मला साहेबांशी बोलता येत नव्हतं. घशापर्यंत वाक्य यायचं आणि तिथं मला आमचे गुरुजी उभे दिसायचे.

आठ बत्तीसला ती भिंत तिसऱ्यांदा आली आणि साहेब हसून म्हणाले, "काय गंमत आहे ना! घाई कुणालाच नाहीये, बरं आहे."

तेव्हा माझ्या तोंडून निघालं. आवाज माझाच होता, पण मी तो आधी ऐकलेला नव्हता.

"चेट्टा, गाडी रोको. सायेब, तुम्ही हितं उतरा."

"काय?"

"उतरा. मला घाई हाय. नऊला माझी टेस्ट हाय, चुकली तर मला घरी जावं लागतंय. गेट तुम्ही चालत हुडका. मिसळ काय नऊला संपत नाही."

गाडीत मराठी आम्हा दोघांनाच कळत होतं, पण अर्थ सगळ्यांना कळला. साहेब वळले. सकाळपासून पहिल्यांदा त्यांनी माझं तोंड नीट बघितलं.

"तू मला ओळखत नाहीस बहुतेक."

"ओळखतो की. दोन वर्षं तुमच्या गणपतीला पंखे लावतोय."

"धिस इज नॉट करेक्ट," ते चेट्टाला म्हणाले. "तुमने बोला था, डोर तक!"

चेट्टाने खिडकीतून हात बाहेर काढून भिंतीकडे दाखवलं. "सर, तीन बार डोर तक लाया. डोर नहीं है तो मैं क्या बनाएगा? यल्ला." यल्ला म्हणजे अरबीत, चला.

साहेब उतरले. आणि मी काय केलं असेल? खिडकी खाली करून म्हणालो, "थँक्यू सायेब." सवय.

मी पुढे येऊन बसलो तर पायाला काहीतरी लागलं. फरसाणाची पिशवी. हायवेला लागेपर्यंत मी घाबरून तशीच पायाशी धरून बसलो होतो. परत जाऊन द्यायला हवी, चोरीची केस झाली तर, कॅमेरे असतात. चेट्टाने एका हाताने ती उचलून दातांनी फोडली. "सर का गिफ्ट," तो म्हणाला. पिशवी मागे गेली आणि शमाल येईपर्यंत रिकामी झाली. साहेबांना कॉमन लोकांचा अनुभव हवा होता. कॉमन लोकांना शेवेत लसूण जरा जास्त वाटला.

सव्वानऊला मी दारात पोचलो. अगदी दारात. वॉचमन म्हणाला यादी आत गेली, खलास. मी सात वेळा सॉरी म्हणालो. तेवढ्यात टेस्ट घेणारा माणूस बाहेर आला, श्रीलंकेचा, पांढऱ्या केसांचा, हातात कप. मोडक्या हिंदीत विचारलं, "लेट क्यों?"

खोटं तयार होतं. टायर पंक्चर. पण त्या सकाळी माझं तोंड एकदा उघडलं होतं, ते पटकन मिटेना. "एक बड़ा आदमी आया," मी म्हणालो, "मैंने उसको मेरा सीट दे दिया."

"उसने माँगा?"

"नहीं."

"फिर क्यों दिया?"

मी आठव्यांदा सॉरी म्हणालो. त्याने कपातला चहा संपवला आणि तो म्हणाला, "लास्ट में बैठो."

अकरा जणांच्या मागे मी बसलो. अंगणात एक बंद पडलेला एसी ठेवला होता, त्यात काय बिघाड आहे ते सांगायचं. माझी पाळी आली तेव्हा साडेअकरा वाजले होते आणि ऊन डोक्यावर होतं. मी चालू केला. बाहेरचं युनिट नुसतं गुणगुणत होतं, उचलत नव्हतं. टेस्टर लावायच्या आधीच मला कळलं. "गॅस ठीक है. कपॅसिटर गया." त्याने फॉर्म पुढे ओढला. फॉर्मवर शिक्षणाच्या चौकटीत मी आठवी लिहिलं होतं, त्याच्यावरून त्याचा पेन तसाच पुढे गेला. सोमवारी फोन आला. मुलगी आता दहावीत आहे आणि मला फोनवर इंग्रजी शिकवते, म्हणजे हसते.

त्या वर्षीच्या गणपतीला मी शमालहून पंखे लावायला आलोच. साहेब भेटले. मला वाटलं, आता खरडपट्टी निघणार. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि चारचौघांना सांगितलं, "हा आपला माणूस. ह्याची शमालला टेस्ट होती. मी मुद्दाम ह्याच्याबरोबर व्हॅनने गेलो, वाटेत सगळं गायडन्स दिलं आणि अल खोरला उतरून ह्याला माझी सीट दिली. लागला ना कामाला?"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी थँक्यू सायेब म्हणालो. मग प्रसाद देताना त्यांनी विचारलं, "नवीन का रे तू?"

"नाही," मी म्हणालो. "तिसरं वर्ष."

सुट्टीच्या दिवशी अजून मी त्याच व्हॅनने येतो-जातो. लवकर येऊन पुढे बसतो. परवा अल नस्रला एक गृहस्थ आले, इस्त्रीचा शर्ट, खांद्याला लॅपटॉप. मागे एकच जागा होती. ते दारात थांबून आत बघायला लागले, आणि मला माझे गुडघे हलताना जाणवले. एवढं सगळं होऊनही. चेट्टा आरशातून बघतच होता.

म्हणून हल्ली मी हत्यारांची पिशवी पायाशी ठेवत नाही. मांडीवर घेतो. बारा किलोची आहे. तिच्याखालून पटकन उठता येत नाही.