एकच किल्ली

किल्लीवाला दर दोन-तीन महिन्यांनी स्वतःच्या घराचं कुलूप बदलायचा. कधी नळ दुरुस्त करणारा येऊन गेला म्हणून, कधी समोरच्या बाईने दाराकडे पाहिलं म्हणून. किल्ल्या मात्र तो नेहमी दोन घासायचा. दुसरी बायकोच्या तळहातावर ठेवत म्हणायचा, "तुझ्याशिवाय कुणाला नाही." एकतीस वर्षांत लाडाचं बोलणं म्हणून तिच्या वाट्याला एवढंच आलं होतं.

लेक हसायची. म्हणायची, आपल्या घराची एवढी आठवण तर चोरांनाही येत नसेल. मग एकदा जावयाने सहज विचारलं, दुकान कसं चाललंय? त्या दिवसापासून लेकीचं माहेर बंद झालं.

तेव्हा बायको एकटीच मनोविकारांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. बाईंनी समजावलं की व्यक्तिमत्त्वाचे विकार अनेक तऱ्हांचे असतात. कुणी माणसांपासून लांबच राहतं, कुणाचं जीव लावणं आणि रागावणं दोन्ही टोकाचं, कुणाला नियमापुढे माणूस दिसत नाही. तुमच्या यजमानांचा संशय त्यातलाच असावा, पण पाहिल्याशिवाय सांगता यायचं नाही. स्वभावच त्या वळणाने घट्ट झालेला असतो, म्हणून अशा माणसाला चूक जगाचीच वाटते. उपचार आहेत, पण त्यांना स्वतः यावं लागेल.

"आणि त्यांच्यापासून काही लपवू नका," बाई म्हणाल्या.

बाईंनी गुरुवारची वेळ लिहून दिलेली चिठ्ठी तिने साखरेच्या डब्याखाली सरकवली. त्यांचा मूड बघून सांगू, एवढंच मनात होतं. पण त्या घरात त्याला न सापडणारी जागा कुठे होती?

तो ओरडला नाही. चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली, जेवला, ताट उचलून मोरीत ठेवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती भाजी घेऊन आली, तर किल्ली फिरेना. उंबऱ्यावर पितळेचा ताजा कीस पडला होता.

"अहो, मी आहे."

"एकटीच आहेस?"

"एकटीच."

दार उघडलं. पिशवी ओट्यावर ठेवून तिने सवयीने तळहात पुढे केला. तो त्या हाताकडे बघत राहिला.

"मी असतो ना घरात," तो म्हणाला. "वाजव, उघडेन."

गुरुवारी ती कुठेच गेली नाही. आतापर्यंतच्या सगळ्या जुन्या किल्ल्या तिने एका दोरीत ओवून ठेवल्या होत्या. त्या दिवशी तिने ती न फिरलेली किल्लीही त्यात ओवली आणि दोरीला गाठ मारली.