सोबतीला सर

पालिका निवडणुकीला उभ्या राहू पाहणाऱ्या आम्हा बायकांचा वर्ग एक जुने कार्यकर्ते दर रविवारी ठाण्यात खोपटला घेतात. सगळ्याजणी त्यांना सर म्हणतो. माणूस सज्जन. सतरंजी स्वतः झटकतील, चहाचे कप स्वतः विसळतील. पण एखादी बाई दोन वाक्यं बोलली की बोट वर करून म्हणणार, "म्हणजे ताईंना असं म्हणायचंय की..." आणि पुढची दहा मिनिटं स्वतःच बोलणार.

वर्गात मोहने गावाहून येणाऱ्या एका ताईने यंदा उमेदवारी मागितली. वस्तीच्या पाण्यासाठी तिने भल्याभल्या अधिकाऱ्यांना घाम फोडलेला. पक्षाच्या मुलाखतीला सर आणि मी सोबतीला गेलो.

"पाण्याचं काय करणार?" समितीने विचारलं. तिने तोंड उघडलं आणि सरांचं बोट वर गेलं. रस्त्यांचं विचारलं, तेव्हाही तेच. मी टेबलाखाली त्यांच्या पायावर जोरात पाय दिला. त्यांनी पाय मागे घेतला, मला "सॉरी" म्हणाले आणि बोलत राहिले.

तिकीट दुसरीला गेलं. कारण कळलं, या बाई बोलत नाहीत.

रविवारी सर तिला हळुवारपणे म्हणाले, "आत्मविश्वास कमी पडला, ताई. पुढच्या निवडणुकीला बघू."

"माझा आत्मविश्वास?" ती ताडकन उठली. "तुम्ही गप बसला असता तर तिकीट माझं होतं! आता पाच वर्षं आमच्या बायका टँकरमागे धावणार. तुम्ही येणार काय हंडा घेऊन?"

मला वाटलं, आता तरी हा माणूस शरमेल. सर आमच्याकडे वळले. चेहरा कौतुकाने फुललेला.

"बघितलंत? मुलाखतीत नेमकं हेच बोलायला हवं होतं."