धनुबाईनं सांगितलेला धुराचा पिक्चर

भुताच्या पिक्चरमध्ये लोक नेमक्या वेळी डोळे मिटतात आणि बाहेर येऊन पिक्चर पाहिला म्हणून सांगत सुटतात, याचा धनुबाईला भारी राग. डोळेच मिटायचे होते तर घरी गोधडी कुठं पळून चालली होती, असं तिचं म्हणणं. ती स्वतः कधी डोळे मिटत नसे. फार धीट होती असं नाही. भीती तिलाही वाटायची, पोलक्याच्या बाह्या घामानं भिजेपर्यंत वाटायची. पण तिच्यामागे एकवीस बायका असायच्या आणि त्यांना सगळं जसंच्या तसं सांगायचं असायचं. मधला तुकडाच पाहिला नाही, असं सांगणाऱ्या माणसाला सांगणारा कोण म्हणेल?

या बावीस जणी धानोऱ्याकडच्या एका गावातल्या. गावाचं नाव राहू द्या, पुढचं वाचल्यावर तुम्हीच म्हणाल की बरं झालं. रोज सकाळी आठला एक पिकअप चौकात येऊन उभी राहायची आणि त्यांना नंदुरबारच्या मिरची पथारीवर न्यायची. पथारी म्हणजे शहराबाहेरचं मोकळं मैदान, जिथं हिवाळाभर लाल मिरची वाळत घालतात. बायकांनी ओळीनं बसून मिरचीचे देठ खुडायचे. पहिल्या हंगामात नवी बाई शिंकून खोकून अर्धी होते. रात्री हातांची आग होते म्हणून ताकात बोटं बुडवून बसते. दुसऱ्या हंगामात घसा मुकाट होतो. पाच हंगाम झालेल्या बाईपुढं तुम्ही मिरचीचं पोतं पेटवलंत तरी ती डोळ्यांना पदर लावील आणि आपलं बोलणं पुढं चालू ठेवील.

महिन्यातून एकदा धनुबाईला शहरात दुपारच्या खेळाला पाठवायचं, हा या बायकांचाच कायदा होता. तिच्या वाट्याची मिरची बाकीच्या मूठमूठ खुडून द्यायच्या. दुसऱ्या दिवसापासून धनुबाईनं पिक्चर सांगायचा, चार दिवस, पाच दिवस, जितका पुरेल तितका. झिपरू मुकादमानं सुरुवातीला आरडाओरडा केला. मग तो म्हणाला, सांगा पण हळू सांगा. मग त्याची खुर्ची रोज थोडी थोडी ओळीकडं सरकत आली आणि एके दिवशी तोच म्हणाला, "जरा मोठ्यानं सांग वं, आठे ऐकू येत नही."

बारीकसारीक टिपणारी नजर धनुबाईला मिळाली होती पुरुषोत्तमनगरला. लग्नानंतरची सहा वर्षं नवरा साखर कारखान्यात होता, तेव्हा ती तिथं राहिली. गणपतीत पडद्यावर पिक्चर लागायचा. पुढं जागा मिळायची नाही, म्हणून ती पडद्याच्या मागच्या बाजूला पोतं टाकून बसायची. मागून सगळंच उलटं दिसतं. नायक डाव्या हातानं जेवतो, पाटी वाचता येत नाही. त्यामुळं तिला फार निरखून पाहायची सवय लागली. पडद्यावर कोण ओरडतंय यापेक्षा कोपऱ्यात काय ठेवलंय, हे तिला आधी दिसायचं.

यंदा पौषात जो पिक्चर आला त्याला बायकांनी धुराचा पिक्चर असंच नाव पाडलं. डोंगरातलं एक गाव. तिथं एक मूल आजारी पडतं. गावचा पाटील चौकात निखारे पेटवून त्यावर मिरच्या टाकतो आणि बायकांना एकेक करून धुरात उभं करतो. जिला ठसका लागत नाही ती डाकीण. अशी एक बाई सापडते, तिला रानात हाकलतात, ती तिकडंच मरते आणि भूत होऊन परत येते. मग दुसरी बाई, मग तिसरी. शेवटी तिन्ही भुतं मिळून गावाचा सत्यानाश करतात. हा पिक्चर गावात घरोघरी मोबाईलवरही पाहिला गेला आणि लोकांनी त्याचा अर्थ काढला तो असा, की बघा, पाटील बरोबर होता. तिघीही डाकिणीच निघाल्या की नाही?

धनुबाईनं हा पिक्चर सात दिवस सांगितला. गोष्ट दोनच दिवसांत संपली, बाकीचे दिवस तिनं नुसतं भांडण केलं.

"ह्या पिक्चरवाल्यानी त्या गावले एक कायदा लायी दिधा शे," ती मिरचीनं लाल झालेलं बोट उभारून म्हणाली. "भूत जवळ उनं का माठमधलं पानी हालस. दरवेळी. दारमा माठ दखाडस, पानी हालस, मंग भूत येस. पन पयला पोऱ्या आजारी पडना तव्हय बी माठ दखाडेल शे. पानी हालनं का? नही हालनं. एकदम गुपचूप."

मोहिनी नावाची नवी पोर होती, तिनं विचारलं, "मंग मावशी, पोऱ्या कसावरी आजारी पडना?"

"तापवरी पडना, आखो कसावरी? तठे कोनी डाकीन नव्हतीच. बाईले आधी हाकली दिधी, मंग ती भूत व्हयनी. आधी नही, मंग. गावनी आपला हातवरी भूत करं, आनी मंग म्हने भूत उनं." तिनं देठ तोडून टोपलीत फेकला. "आनी आखरीले पानी कोना घरमा हालस, देखं का? पाटीलना घरमा. तठे त्या तिन्हींमायली एक बी नही. नुसता पाटील बठेल शे. भूत तोच शे."

हे कुणालाच दिसलं नव्हतं, कारण माठ दाखवला की पुढं काहीतरी भयंकर होणार या भीतीनं सगळ्यांनी पहिल्यापासून तिथंच डोळे मिटले होते. झिपरू मुकादम मात्र म्हणाला, एवढा विचार पिक्चरवाल्यानं तरी केला असेल का? धनुबाई म्हणाली, त्यानं केला नसेल तर मी केला, पिक्चर आता माझा पण आहे.

धनुबाईच्या डाव्या हाताला गेली बारा वर्षं छबूबाई बसायची. बोलणं कमी, काम दुप्पट. नवरा जाऊन जमाना झाला, पोरीचं लग्न तळोद्याकडं करून दिलं, आता गावाच्या कडेला दोन खणांच्या घरात एकटी. हे घर तिनं पथारीवर बसूनच उभं केलं होतं.

त्याच आठवड्यात गावात लोटनआबाचा तीन वर्षांचा नातू तापानं पडला. ताप यायचा, उतरायचा, पुन्हा हुडहुडी भरून यायचा. लोटनआबा माणूस वाईट नव्हता. केळीची बाग, दारात ट्रॅक्टर, गावात शब्दाला मान, आणि नातवावर जीव ओवाळून टाकणारा. पण भ्यालेला मोठा माणूस फार वाईट असतो. सून स्वप्नाली म्हणत होती, नंदुरबारला सरकारी दवाखान्यात नेऊ. आबा म्हणाला, आधी दृष्ट काढू. निखाऱ्यांवर मिरच्या पडल्या, घर धुरानं भरलं, सगळे खोकत अंगणात पळाले. नेमकी त्याच वेळी छबूबाई पेजेचा गंज घेऊन दारात आली आणि त्या धुरात उभी राहून शांतपणे म्हणाली, "ताप उतरना का पोऱ्याना?"

तिला ठसका लागला नाही. बस. एवढाच तिचा गुन्हा.

सोमवारी संध्याकाळी आबाचा निरोप आला. उद्या सकाळी चौकात धुरात उभं राहायचं. खोकलीस तर घरी जा, नाही खोकलीस तर गाव सोड. पोलीस पाटलाला धनुबाईनं फोन केला तर ते म्हणाले, मी शहाद्याला लग्नात आहे, उद्या दुपारी येतो, बघू. ती म्हणाली, दुपारी येऊन काय राख बघणार? पण फोन ठेवून झाला होता.

छबूबाई चुलीपाशी बसून खोकायचा सराव करत होती. धनुबाई दारात थांबून ऐकत राहिली. खोटा, सुका, केविलवाणा खोकला. तिला इतका संताप आला की दारावर हात आपटावासा वाटला.

"खोटं खोकलसु मी," छबूबाई म्हणाली. "मन्हं काय जास? घर ते वाची."

"खोकलनी ते तू वाचशी. पन मंग तो कायदा खरा व्हई ना. पुढे मोहिनीले उभी करतीन, मंग मले."

"तुले बोलाले काय जास, धनू? घर तुन्हं नही जायी ऱ्हायनं."

हे खरं होतं आणि धनुबाईला ते लागलं. सात दिवस टोपलीपाशी बसून पिक्चरमधल्या पाटलाला शिव्या देणं सोपं होतं. ती आत येऊन चुलीपाशी तिच्याजवळ बसली आणि म्हणाली, "तुले वाटीन तसं कर. मी तुन्हा बाजूमा ऱ्हासु."

सकाळी आठला पिकअप नेहमीसारखी चौकात येऊन लागली. पाराजवळ घमेल्यात निखारे फुलले होते. निम्मं गाव जमलं होतं. लोटनआबा नातवाला शालीत गुंडाळून स्वप्नालीला घेऊन आला होता, कारण पिक्चरमध्ये मूल समोर असतं. त्यानं ओंजळभर मिरच्या निखाऱ्यांवर टाकल्या. पांढरा धूर उठला आणि पुढची रांग खोकत मागं सरली. छबूबाई धुरात जाऊन उभी राहिली. तिनं एकदा धनुबाईकडं पाहिलं, ओठ घट्ट मिटले आणि खोटं खोकली नाही.

"देखा!" आबा खोकत खोकत ओरडला. "देखा, देखा!"

"देखी ऱ्हायनू ना," धनुबाई म्हणाली. तिनं डब्याची पिशवी पारावर ठेवली, चपला काढल्या आणि धुरात छबूबाईच्या डाव्या हाताला जाऊन उभी राहिली. मग पिकअपच्या फळीवरून मोहिनी उतरली. तिचा दुसराच हंगाम, डोळ्यांतून धारा, तरी उतरली. मग एकामागून एक बाकीच्या. बावीस बायका घमेल्याभोवती उभ्या. डोळे लाल, नाकं वाहतात, आणि एकीलाही ठसका नाही. भोवतालचे बाप्ये मात्र उपरण्यात तोंड खुपसून कासावीस झालेले.

"बठ्ठ्या डाकिनी शेतस आम्ही!" धनुबाई म्हणाली. "हाकला. पन आबा, पयले मले एक सांगा. पिक्चर देखा ना तुम्ही? पयला पोऱ्या आजारी पडना तव्हय माठमधलं पानी हालनं का?"

आबानं इकडंतिकडं पाहिलं. "कोनता माठ?"

"दारमधला. पानी हालनं का नही?"

"तव्हय..." आबा अडखळला. सगळं गाव त्याच्या तोंडाकडं पाहत होतं. "तव्हय मी डोया मिटी लिधात व्हतात."

कुणीतरी फिसकन हसलं. मग धुरातूनही हसू फुटलं, आणि आबाचा चेहरा पडला.

"नही हालनं." हे स्वप्नाली बोलली. सासऱ्यासमोर चौकात तिचा आवाज आजवर कुणी ऐकला नव्हता. "मी देखं. मामंजी, मी डोया उघडा ठेयेल व्हतात. त्या पोऱ्याले नुसता ताप व्हता. याले बी ताप शे."

पोरगं धुरानं खोकून निळंजांभळं झालं होतं. स्वप्नालीनं सासऱ्याच्या हातातून त्याला उचललं, सरळ चालत गेली आणि पिकअपमध्ये चढली. ड्रायव्हरला म्हणाली, "गाडी दवाखानामा ल्या." आबाचा हात पुढं झाला आणि तसाच राहिला.

धनुबाईला आणखी पुष्कळ बोलायचं होतं. पाटलाच्या घरातलं पाणी, तिन्ही बायका, सगळं. पण धुरात तोंड उघडं ठेवून इतकं बोलायचं नसतं, हे पथारीवरची नवी पोरही जाणते. तिला ठसका लागला, असा की कमरेत वाकली. मोहिनीनं पाठ चोळली.

"धनुबाई खोकलनी!" गर्दीतून कुणीतरी सुटका झाल्यासारखं म्हणालं. "धनुबाई चांगली शे!"

ती वाकलेलीच थांबली. मग सरळ झाली, पारावरचा पाण्याचा माठ दोन्ही हातांनी उचलला आणि अख्खा घमेल्यावर उपडा केला. निखारे फसफसून विझले.

"मी चांगली आनी छबू डाकीन?" बसल्या आवाजात ती म्हणाली. "थुकस मी असा चांगुलपनावर." आणि खरंच थुंकली, आबाच्या पायापासून वीतभर लांब.

पोलीस पाटील दुपारी येणार होते, संध्याकाळी परतल्यावर त्यांच्याकडं तक्रार द्यायचीच असं ठरवून बायका गाडीत चढल्या. आज एक बाई आणि एक पोर जास्त होतं, त्यामुळं दाटी झाली. स्वप्नालीला पोर सावरून बसता येईना. तिनं शेजारी पाहिलं आणि ते छबूबाईच्या मांडीवर दिलं. छबूबाईनं पदराचं कोरडं टोक शोधून त्याचं नाक पुसलं, तापलेलं डोकं खांद्यावर घेतलं. पोर हुंदके देत होतं, ते हळूहळू गप्प झालं.

लोटनआबा फळीपाशी उभा होता. हे पाहून त्यानं मान फिरवली.

"तोंड नका फिरावू, आबा," धनुबाई वरून म्हणाली. "आते तरी डोया उघडा ठेवा."