कुवेतहून न केलेला फोन

जुन्या पासपोर्टात कुवेतचं कॉलिंग कार्ड सापडलं. खरवडलेल्या चंदेरी पट्टीखालचा पिन अजून वाचता येतो. तो वाचला आणि स्वतःचाच संताप आला.

तिथं शुक्रवारी सुट्टी असायची. त्या दुपारी आजारी बाबा अमडापूरच्या किराणा दुकानातल्या फोनपाशी येऊन बसायचे. मी कार्डावरचा अ‍ॅक्सेस नंबर फिरवायचो, मग पिन. रेकॉर्डिंगमधली बाई शिल्लक मिनिटं सांगायची. आता फक्त दुकानाचा नंबर दाबायचा राहायचा. पण बाबा "घरी ये" म्हणतील, आणि मला यायचं नव्हतं. मी रिसीव्हर ठेवून द्यायचो. असे चार शुक्रवार गेले.

पाचव्या शुक्रवारी बोललो. "बाबा, अ‍ॅक्सेस नंबरच लागत नव्हता."

मागून दुकानदाराचा आवाज आला, "पोरगा विसरला तुमाले!"

"चूप बे! मशीन बिघडली तं त्यानं काय करावं?" बाबा त्याच्यावर खेकसले. मग मला हळूच म्हणाले, "तू काऊन जीव जाळून राह्यला? मी बसतो ना इथं."

पुढच्या शुक्रवारपर्यंत बाबा राहिले नाहीत.

भाऊ अजून त्या कार्डवाल्यांना शिव्या घालतो, आणि मी मान डोलावतो. नंबर दरवेळी पहिल्या झटक्यात लागायचा, भाऊ. शिव्या मले दे.