तांबं कुठं जास्त?

राखाडीकाकांना प्रयोगशाळेत कुणी हट्टी म्हणायचं, कुणी जुनाट, आणि पाठीमागं सगळेच दोन्ही म्हणायचे. त्यांच्या हट्टाचं खरं कारण कुणालाच माहीत नव्हतं, कारण काकांनी ते कळूच दिलं नव्हतं.

प्रयोगशाळा दगडांची. खाणवाले दगड पाठवायचे, इथं त्याची पातळ चकती कापून चकचकीत होईपर्यंत घासायची आणि यंत्रात ठेवायची. यंत्र त्या चकतीवर इलेक्ट्रॉनचा बारीक झोत फिरवायचं आणि प्रत्येक ठिपक्यातून निघणाऱ्या क्ष-किरणांवरून तिथं लोखंड किती, तांबं किती, गंधक किती ते मोजायचं. हाती यायचा तो आकड्यांचा नुसता ढिगारा. त्या ढिगाऱ्याचा नकाशा करणारा प्रोग्राम काकांनी ऐन तरुणपणी लिहिला होता आणि पुढं जन्मभर त्याची डागडुजी करत राहिले होते. तांबं भरपूर असेल तिथं पांढरं, अजिबात नसेल तिथं काळं, मधलं सगळं राखाडी. टोपणनाव पडलं ते यावरूनच.

"जरा रंग टाका की," असं प्रत्येक नवा माणूस सुचवायचा. काका म्हणायचे, "दगड काय लग्नाला निघालाय?" विषय तिथंच मिटायचा.

खरी गोष्ट अशी, की काकांना लाल आणि हिरवं वेगळं दिसत नव्हतं. शाळेत त्यांनी एकदा झाडाला लालभडक पानं काढली आणि वर्ग लोटपोट झाला. मग मधल्या सुट्टीत पोरं हातात सापडेल ती वस्तू घेऊन त्यांच्यामागं लागायची, हा रंग कोणता, तो रंग कोणता. आईनं रंगाच्या खडूंना कागद गुंडाळून वर नावं लिहून दिली. मामा मात्र व्यवहारी. "झाकली मूठ सव्वा लाखाची," ते म्हणाले. "रंग न कळणाऱ्याला नोकरी कोण देणार?" काकांनी मूठ झाकली ती झाकलीच.

बायकोपासून लपणं शक्यच नव्हतं. भाजीवाला बिनदिक्कत कच्चे टोमॅटो गळ्यात मारायचा आणि काका ते ऐटीत घरी आणायचे. बायको त्यांचे मोजे जोडी जुळवून गाठ मारून ठेवायची, सदरे ओळीनं लावायची. "अहो, वरचा घाला, खालचा नको," एवढ्या भांडवलावर काका ऑफिसात टापटिपीचे म्हणून मिरवायचे.

मग प्रयोगशाळेत नव्या मॅडम आल्या. बाई वाईट नव्हत्या, फक्त घाईत होत्या. इतर ठिकाणी रंगीत नकाशे मिळतात, मग आपलेच असे सुतकी का, हा त्यांचा सवाल. एका कंपनीचा विक्रेता नवा प्रोग्राम घेऊन सोमवारी येणार होता. "तोवर तुमच्यात तसे रंग बसवा," मॅडमनी काकांना स्पष्ट सांगितलं, "नाहीतर आपण त्यांचा घेऊ आणि तुमचा बंद करू."

काका घरी आले आणि ताटावर नुसते बसून राहिले. बायकोनं सगळं ऐकून घेतलं.

"रंग मी सांगते," ती म्हणाली. "शेजारी बसते. कुणाला कळणारसुद्धा नाही."

मोह पडण्यासारखीच गोष्ट होती. काकांना तो पडलाही. पण हळूहळू त्यांना रागच यायला लागला, आणि तो बायकोचा नव्हता.

"माझा नकाशा चुकीचा असता तर मीच फेकून दिला असता," ते म्हणाले. "चुकीचा नाहीये तो."

"मग तसं सांगा त्यांना."

"तसं सांगायचं तर बाकीचंही सांगावं लागेल."

"सांगा की. मामा काही आता तुमची नोकरी सांभाळायला येणार नाहीत."

सोमवारी विक्रेत्यानं भिंतीवर तांब्याचा नकाशा लावला. तांबं नाही तिथं गर्द निळा, मग हिरवा, पिवळा, आणि तांबं सगळ्यात जास्त तिथं गर्द लाल. खोलीतून कौतुकाचा सूर उमटला. काकांना निळा ओळखू येत होता, पण त्या रंगांची दोन टोकं, गर्द निळं आणि गर्द लाल, त्यांना सारखीच काळपट दिसत होती. ते खुर्चीत ताठ झाले.

"काका, तुमचं तयार आहे?" मॅडमनी विचारलं.

"नाही. आणि मी करणारही नाही. मला लाल आणि हिरवं वेगळं दिसत नाही. कधीच दिसलेलं नाही."

मूठ उघडली. खोलीत कुणाला कुठं बघावं कळेना. विक्रेता तसा सभ्य मुलगा, पण त्यालाही राहवलं नाही. त्यानं खिशातलं पेन वर धरलं. "मग हे तुम्हाला कोणत्या रंगाचं दिसतं?"

मधल्या सुट्टीतला तोच प्रश्न. तेव्हा काका रडले होते.

"माहीत नाही," ते शांतपणे म्हणाले. "आता मी विचारतो. आपला अहवाल खाणीवर कागदावर जातो, आणि ऑफिसच्या प्रिंटरमध्ये काळ्याशिवाय दुसरी शाई नाही. छापा तुमचा नकाशा."

कागद आला. काकांनी भिंतीवरचं चित्र बंद केलं आणि कागदावर दोन ठिकाणी बोट टेकवलं.

"तांबं कुठं जास्त? इथं की इथं?"

विक्रेत्यानं कागद जवळ घेतला, लांब धरला, उजेडाकडे नेला. दोन्ही डाग सारखेच काळे होते.

"सांगता येत नाही," तो शेवटी म्हणाला. प्रामाणिक होता बिचारा.

"एकात तांबं ठासून भरलंय, दुसऱ्यात नुसता दगड. खाणवाला यावर कुठं खणणार? तुम्हीही आता माझ्याच पंक्तीला आलात. बसा."

"आमच्याकडे दुसऱ्या रंगपट्ट्या आहेत," विक्रेता म्हणाला. "काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत चढत जाणाऱ्या."

"त्या माझ्याकडेही आहेत. तुमचा जन्म व्हायच्या आधीपासून."

मॅडमनी कागद हातात घेऊन बराच वेळ पाहिला. मग म्हणाल्या, "काकांचा प्रोग्राम चालू राहील. अहवाल त्यातूनच जातील." आणि काकांकडे वळून, "हे इतकी वर्षं सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं तर पेन दाखवलं असतंत," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतःच कपाट उघडलं. बायकोनं बांधलेल्या दोन जोड्यांच्या गाठी सोडल्या, हाताला आले ते दोन मोजे पायात चढवले आणि बुटात पाय घातले.

"अहो, थांबा," बायको म्हणाली. "एक लाल आहे आणि एक हिरवा."

"असू दे," काका नाडी बांधत म्हणाले. "ज्याला फरक दिसतो, त्यानं बघत बसावं."