नापास झाल्याची उपकारस्तुती

माझ्या सासूबाई एसटी चुकली तरी देवाचे आभार मानायच्या. मी त्यांना आत्या म्हणायचे. गावातली आमची ख्रिस्ती मंडळी त्यांना स्तुतीमावशी म्हणायची, आणि तेही पाठीमागे नव्हे, तोंडावर. सोनईच्या बाजारातून पिशव्या सावरत धावत यावं आणि डोळ्यांदेखत गाडी सुटावी, की आत्या तिथंच कट्ट्यावर बसायच्या आणि पुटपुटायच्या, "देवबापा, उपकार. गुडघ्यांना जरा बसायचंच हुतं." मला हसू यायचं. कधी कधी रागही यायचा.

आमच्यात कुणाला नोकरी लागली, कुणी दुखण्यातून उठलं, की मंडळीला घरी बोलावून उपकारस्तुती ठेवतात. गीतं, प्रार्थना, मग चहा-चिवडा. चांगलं घडल्यावर करायची गोष्ट ही. आत्यांचं गणित उलटं. घरकुलाच्या यादीतून आमचं नाव उडालं तेव्हाही त्यांनी सतरंजी घातली. पाळकसाहेबांनी भीत भीत विचारलं, "मावशी, आज कशाबद्दल?" तर म्हणाल्या, "जुनं छप्पर अजून गळत न्हाई, त्याबद्दल." त्याच पावसाळ्यात ते गळायला लागलं. आत्यांनी खाली पातेलं ठेवलं. "एकाच जागी गळतंय, हे बी काय थोडं हाय?"

खरी फजिती झाली ती विलासच्या पोलीस भरतीच्या वेळी. विलास त्यांचा एकुलता एक मुलगा, माझा नवरा. आमच्या लग्नाला तेव्हा चारच महिने झाले होते. आत्यांनी घरोघर निरोप धाडला, "विलासच्या भरतीची उपकारस्तुती हाय, समदी या." लोकांना वाटलं, पोरगा लागला. पाळकसाहेब शाल घेऊन आले, कुणी पेढे आणले, शेजारच्या तात्यांनी तर झेंडूचा हारच आणला. विलास कोपऱ्यात मान खाली घालून उभा. सगळे बसल्यावर आत्यांनी सांगितलं, "पोरगं धावन्यात नापास झालं. देवानं त्याच्यासाठी काही तरी निराळं ठेवलं आसंल, म्हनून उपकार." कुणाला कुठं बघावं कळेना. तात्या हार पाठीमागे लपवायला लागले. आत्या म्हणाल्या, "घाला की! आनलाय तर सुकवता कशाला?" शेवटी नापास झालेल्या माणसाला हार घालून मंडळीनं गीत म्हटलं. विलास इतका हसला की त्याला ठसका लागला.

निराळं म्हणजे दुधाचा टेम्पो निघाला. तीन वर्षं त्यानं तो चालवला. एका सकाळी धुक्यात, रस्त्यात उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर टेम्पो आदळला. विलास जागीच गेला.

त्यानंतरच्या वर्षाबद्दल मला फारसं सांगता येत नाही. मी पाणी भरायचे, भाकरी थापायचे, जेवायचे. भाजी कसली होती असं कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. दुःख म्हणतात ते तरी यावं, असं वाटायचं. तेही येत नव्हतं. एकच विचार फिरून फिरून यायचा: नापास झाला नसता तर तो टेम्पोवर बसला नसता. आणि त्या नापास होण्याचे आम्ही हार घालून आभार मानले होते. आत्यांच्या मनातही तेच असावं. वर्षभर त्यांच्या तोंडून 'उपकार' हा शब्द मी ऐकला नाही. दर रविवारी त्या उपासनेला जायच्या, बसायच्या आणि परत यायच्या.

वर्ष पुरं झालं आणि त्यांनी निरोप धाडला, "आमच्याकडं उपकारस्तुती हाय." मी तिथल्या तिथं ठरवलं, ह्या बाईनं विलासच्या जाण्याचे आभार मानले, तर दुसऱ्या दिवशी संगमनेरला माहेरी. भाऊ न्यायला तयारच होता. मी कपडे भरले. आत्यांनी ते पाहिलं आणि सतरंजी झटकायला घेतली.

लोक आले. या वेळी कुणी हातात काही आणलं नव्हतं. पाळकसाहेबांनी हलकेच विचारलं, "मावशी, कशाबद्दल?"

आत्या बराच वेळ सतरंजीचा निघालेला दोरा ओढत बसल्या. मग म्हणाल्या, "विलासबद्दल मला म्हनता येत न्हाई. देवाला सोडलं न्हाई मी, पर तोंडातून निघंना. त्याला म्हाईत हाय ते." आणि माझ्याकडे न बघता पुढे म्हणाल्या, "ही पोर अजून हितं हाय. तेवढ्याबद्दल करा."

मला रडू आलं नाही. मी चहा टाकायला आत गेले, कारण कुणीतरी टाकायलाच हवा होता. बाहेर गीत सुरू झालं. त्यात आत्यांचा आवाज नव्हता.

पुढे सहा वर्षं आम्ही दोघी त्या घरात राहिलो. फार बोललो असंही नाही. एकीनं चूल पेटवायची, दुसरीनं पीठ मळायचं. माझा देवावर विश्वास परत बसला की नाही, मला खरंच सांगता येणार नाही. आत्यांवर बसला होता, त्यावर दिवस निघाले.

यंदा मार्चमध्ये आत्या गेल्या. दफनविधीच्या दुसऱ्या दिवशी भाऊ गाडी घेऊन आला. म्हणाला, "चल ताई, आता इथं तुझं कोण आहे?" मी त्याला जेवायला वाढलं आणि एकट्यालाच माघारी पाठवलं.