टायगरची पिल्लं

मित्रहो, पाळीव कुत्र्यांची नसबंदी सक्तीची करणारा नियम येऊ घातलाय. त्याविरोधात आज देवपूरमध्ये घरोघरी बोलत फिरलो.

"आमचा टायगर घरचाच माणूस. त्याच्यावर सक्ती कसली?" मागच्या गल्लीतल्या अक्कांना मी ठणकावून सांगितलं.

त्या मला परसात घेऊन गेल्या. पोत्यावर पिल्लं कुडकुडत होती. प्रत्येकाचा एक कान पांढरा, हुबेहूब टायगरसारखा.

"भाऊ, हाई बठ्ठं तुमना टायगरनं काम शे," अक्का म्हणाल्या. "यांची आई काल गाडीखाली गेली. आता यांना कोण सांभाळणार?"

टायगरला रोज मीच मोकळा सोडतो. मान वर करवेना. दोन पिल्लं उचलून घरी आणली.

सक्तीला विरोध आजही आहे. पण तो कोणत्या तोंडाने करू, सांगाल?